पाकिस्तानची वाढती लोकसंख्या आणि भारताची सुरक्षा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांना भूगोल शिकवतो. लोकसंख्येचा धडा सुरू झाला की दहा मिनिटांत चर्चा सरहद्दीपलीकडे पोचते आणि दरवर्षी साधारण तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहून काढली आहेत. काही ठिकाणी माझं मतही आलं आहे, ते मत म्हणूनच वाचावं.

पाकिस्तानची लोकसंख्या नेमकी किती आणि वाढ किती वेगाने होते आहे?

2023 च्या जनगणनेत 24 कोटी 15 लाख. यात पाकव्याप्त काश्मीर आणि गिलगिट-बाल्टिस्तान धरलेले नाहीत. 2017 च्या मोजणीत हा आकडा 20 कोटी 77 लाख होता. वार्षिक वाढीचा दर 2.55 टक्के निघाला, म्हणजे वर्षाला साठ लाखांच्या आसपास भर. आपल्या मापात सांगायचं तर 2011 मध्ये मुंबईची लोकसंख्या 1 कोटी 24 लाख होती. तेवढी माणसं तिथे दर दोन वर्षांनी वाढतात. त्या वेगाने शाळा, दवाखाने आणि पाण्याच्या योजना मात्र वाढत नाहीत.

एका बाईला सरासरी किती मुलं होतात, हा जननदर पाहिला तर चित्र जास्त स्पष्ट होतं. 2017-18 च्या पाहणीत पाकिस्तानचा जननदर 3.6 होता. भारताचा 2019-21 च्या पाहणीत 2.0 वर आला. पाकिस्तानात पंधरा वर्षांखालची मुलं सुमारे 40 टक्के आहेत. त्यामुळे उद्यापासून प्रत्येक घराने दोनच मुलांवर थांबायचं ठरवलं, तरी पुढची तीस-चाळीस वर्षं आकडा वाढतच राहील, कारण उद्याच्या आया आज शाळेच्या वयात आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे 2050 पर्यंत पाकिस्तान 37 कोटींच्या घरात जाईल.

पण बांगलादेश तर पाकिस्तानचाच भाग होता. तिथे असं का झालं नाही?

हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला मी नेहमी पुढच्या बाकावर बोलावतो. सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे.

1951 मध्ये पूर्व पाकिस्तानात 4 कोटी 20 लाख माणसं होती आणि पश्चिमेला 3 कोटी 37 लाख. पूर्वेकडचे लोक संख्येने जास्त, म्हणजे लोकशाही नीट चालली असती तर सत्ता त्यांच्याकडे गेली असती. त्यातूनच 1971 घडलं. दोन्ही भागांत तेव्हा एका बाईला सरासरी सहाहून अधिक मुलं होत. आज बांगलादेश 17 कोटींच्या आसपास आहे आणि पाकिस्तान 24 कोटींच्या पुढे. पारडं पुरतं फिरलं.

बांगलादेशने काय केलं? 1970 च्या दशकाच्या मध्यापासून गावातल्याच शिकलेल्या बायकांना पगारी सेविका म्हणून नेमलं. दुपारी पुरुष शेतावर असताना सेविका घरी यायची, पडवीत बसायची, लेकरांची चौकशी करायची आणि पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढून हातात ठेवायची. बाईला दवाखान्यात जावं लागत नव्हतं, कुणाची परवानगी मागावी लागत नव्हती. पुढे 1990 च्या दशकात माध्यमिक शाळेतल्या मुलींना सरकारने विद्यावेतन सुरू केलं. अट अशी की लग्न लांबवायचं. त्याच काळात तयार कपड्यांच्या कारखान्यांत मुलींना रोजगार मिळू लागला. मुलगी घरात पैसे आणते म्हटल्यावर तिच्या लग्नाची घाई कमी झाली.

पाकिस्तानात सुरुवात उलट लवकर झाली होती. अयुब खान यांनी 1965 मध्येच मोठा कुटुंबनियोजन कार्यक्रम हाती घेतला. झिया-उल-हक यांच्या काळात तो थंडावला. 1994 मध्ये बेनझीर भुट्टोंच्या सरकारने 'लेडी हेल्थ वर्कर' योजना आणली. ती चांगली योजना आहे आणि त्या बायकांनी जिवावर उदार होऊन काम केलं आहे. पोलिओचे डोस पाजायला गेलेल्या पथकांवर तिथे गोळीबार झाले आहेत. पण 2023 च्या जनगणनेतही तिथल्या जेमतेम 53 टक्के बायका साक्षर निघाल्या. पाळणा लांबवायचं साधन वापरणारी जोडपी साधारण तिसरा हिस्सा. भारतात आणि बांगलादेशात हे प्रमाण साठ टक्क्यांच्या वर आहे.

म्हणजे याचं कारण धर्म नाही?

नाही. बांगलादेशही मुस्लिमबहुल आहे. इराणमध्ये 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला जननदर सहाच्या वर होता आणि 2000 च्या सुमारास तो दोनवर आला, तोही इस्लामी राजवटीत, धर्मगुरूंच्या संमतीने. मुलींची शाळा, बाईच्या हातातला पैसा आणि दारापर्यंत येणारी आरोग्यसेवा या तीन गोष्टी जिथे पोचल्या तिथे दर खाली आला. या प्रश्नाकडे धर्माच्या चष्म्यातून पाहिलं की विश्लेषण तिथेच संपतं आणि पुढचं काहीच दिसत नाही.

तिथल्या राज्यकर्त्यांना हे कळत नाही का? ते काही करत का नाहीत?

कळतं. अडचण पैशाच्या आणि जागांच्या वाटपात आहे.

पाकिस्तानात केंद्राच्या करांतला प्रांतांचा वाटा राष्ट्रीय वित्त आयोग ठरवतो. 2010 पासून लागू असलेल्या सातव्या निवाड्यात प्रांतांमधल्या वाटपाचा 82 टक्के भाग केवळ लोकसंख्येवर ठरतो. नॅशनल असेंब्लीच्या, म्हणजे तिथल्या लोकसभेच्या, 266 सर्वसाधारण जागाही लोकसंख्येप्रमाणे: पंजाब 141, सिंध 61, खैबर पख्तुनख्वा 45, बलुचिस्तान 16 आणि इस्लामाबाद 3. त्यामुळे ज्या प्रांताने जननदर खाली आणला, त्याच्या पैशाला आणि जागांना कात्री लागते. त्यातच 2010 च्या अठराव्या घटनादुरुस्तीने लोकसंख्या कल्याण हे खातं प्रांतांकडे दिलं. ज्याला आकडा वाढण्यात फायदा, त्याच्याकडेच तो कमी करण्याची जबाबदारी.

म्हणूनच तिथे जनगणना ही लढाईसारखी लढली जाते. 2023 च्या डिजिटल मोजणीत बलुचिस्तानचा आकडा दोन कोटींच्या पुढे गेला होता. अंतिम मंजुरीत तो 1 कोटी 49 लाखांवर आणला गेला. कराचीत तर प्रत्येक मोजणीनंतर 'आमची माणसं कमी दाखवली' अशी ओरड होते. त्यामुळे 2.55 टक्के हा दरही जरा सांभाळूनच वापरावा, असं मी मुलांना सांगतो.

आपल्याकडे हा धोका ओळखून लोकसभेच्या राज्यवार जागा 1971 च्या जनगणनेवर गोठवल्या गेल्या. केरळ-तमिळनाडूने कुटुंब लहान ठेवलं म्हणून त्यांना शिक्षा होऊ नये, हा विचार त्यामागे होता. मतदारसंघांच्या फेररचनेचा विषय आता आपल्याकडेही ऐरणीवर आहे. तो हाताळताना शेजाऱ्याकडे एकदा जरूर पाहावं.

मोठी लोकसंख्या म्हणजे मोठं सैन्य, हे तरी खरं ना?

आजच्या काळात नाही. पाकिस्तानच्या सैन्यात साडेसहा लाखांच्या आसपास माणसं आहेत आणि भरतीला कधीच तोटा पडलेला नाही. तोटा पैशाचा आहे. 2025-26 च्या त्यांच्या अर्थसंकल्पात एकूण 17.57 लाख कोटी पाकिस्तानी रुपयांपैकी 8.2 लाख कोटी केवळ व्याजावर जातात. मे 2025 च्या संघर्षानंतर संरक्षणाची तरतूद वीस टक्क्यांनी वाढवून 2.55 लाख कोटी केली. या दोन रकमा बाजूला काढल्यावर जे उरतं, त्यात 24 कोटी लोकांचं सगळं भागवायचं.

बेरोजगार तरुणांची फौज म्हणजे दहशतवाद्यांची फौज, असं म्हणतात. किती खरं?

अर्धं खरं, आणि उरलेलं अर्धं विसरलं तर आपलीच फसगत होते.

महाराष्ट्राने ज्याला जिवंत पकडलं त्या अजमल कसाबचंच उदाहरण घ्या. गाव फरीदकोट, जिल्हा ओकारा, पंजाब. गरीब घर, चौथीनंतर शाळा सुटलेली. लाहोरात मजुरी केली, पुढे झेलममध्ये मंडप-डेकोरेशनच्या कामावर राहिला. मग मित्राबरोबर चोऱ्यामाऱ्या करायचं ठरलं आणि हत्यारं मिळवण्याच्या खटपटीत तो रावळपिंडीत 'लष्कर-ए-तय्यबा'पर्यंत पोचला. त्याच्या कबुलीजबाबातला हा तपशील वाचताना मला दरवेळी अस्वस्थ व्हायला होतं, कारण त्यात कुठेही धर्मयुद्धाची ओढ दिसत नाही. दिसतो तो हाताला काम नसलेला एक पोरगा. अशी पोरं तिथे लाखोंनी आहेत. शाळेबाहेर असलेल्या मुलांचीच संख्या अडीच कोटींच्या वर सांगितली जाते.

पण त्या लाखोंपैकी बाकीचे मुंबईला आले नाहीत. ते वीटभट्टीवर गेले, सौदीला गेले, फैसलाबादच्या यंत्रमागावर बसले. कसाब आला, कारण रावळपिंडीच्या बाजारात त्याला उघडपणे भेटणारी संघटना होती, मुरीदकेत तिचं केंद्र होतं, डोंगरात प्रशिक्षणाचे तळ होते, कराचीहून निघायला बोट होती आणि हल्ला चालू असताना फोनवर हुकूम सोडणारे लोक होते. हे सगळं उभं करायला सरकारी आश्रय लागतो. तो आश्रय हे राज्यकर्त्यांचं आणि लष्कराचं धोरण आहे, जननदराचा परिणाम नव्हे. शिवाय उमर सईद शेखसारखी माणसंही आहेत. लंडनच्या सुखवस्तू घरातला, नामांकित संस्थेत शिकायला गेलेला. 1999 च्या अखेरीस कंदाहार विमान अपहरणात सोडाव्या लागलेल्या तिघांपैकी एक.

गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबची बंदूक हातांनी धरून ठेवली. त्यांच्या पुतळ्यासमोर उभं राहून 'शेवटी लोकसंख्याच जबाबदार' असं म्हणणं म्हणजे खऱ्या गुन्हेगारांना सूट देणं आहे.

तरी वाढत्या लोकसंख्येने एक गोष्ट नक्की होते: भरती स्वस्त होते. एक तळ उद्ध्वस्त झाला तरी माणसांची चणचण पडत नाही. आणि ही आग त्यांच्याही घरात आहे. 16 डिसेंबर 2014 रोजी पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलमध्ये सव्वाशेहून अधिक मुलं मारली गेली.

पाण्याचा यात काय संबंध?

मला विचाराल तर पुढच्या तीस वर्षांतला सगळ्यात गंभीर संबंध हाच.

सिंधू नदी 1951 मध्ये जेवढी होती, जवळजवळ तेवढीच आज आहे. तिच्या काठची माणसं मात्र सात पटींनी वाढली. 1951 मध्ये पाकिस्तानात माणशी वर्षाला पाच हजार घनमीटरहून अधिक पाणी होतं. आता ते टंचाईच्या हजार घनमीटरच्या रेषेखाली आलं आहे. (आपणही फार सुखात नाही, 2021 चा आपला अंदाज 1486 घनमीटरचा होता.) तिथल्या पाण्यापैकी नव्वद टक्क्यांहून जास्त शेतीला जातं, तेही गहू, भात, ऊस आणि कापसाला. मंगला आणि तरबेला ही मोठी धरणं अनुक्रमे 1967 आणि 1976 ची, त्यात गाळ साचतो आहे. सगळी धरणं मिळून जेमतेम महिनाभराचा साठा होतो.

1960 च्या सिंधू जलकराराने रावी, बियास, सतलज भारताकडे आणि सिंधू, झेलम, चिनाब पाकिस्तानकडे आल्या. 1965, 1971 आणि कारगिल या तिन्ही युद्धांत हा करार टिकला. 22 एप्रिल 2025 रोजी पहलगामला पर्यटकांची हत्या झाली आणि दुसऱ्या दिवशी भारताने तो स्थगित केला. पाकिस्तानने लगेच जाहीर केलं की पाणी अडवलं तर ते युद्धाचं कृत्य समजू.

त्याच आठवड्यात सिंधमध्ये काय चाललं होतं, ते आपल्याकडे फारसं छापून आलं नाही. चोलिस्तानच्या वाळवंटात पंजाबकडून नवे कालवे काढायचा बेत होता. त्याविरुद्ध सिंधचे वकील खैरपूरजवळ बाबरलोई इथे महामार्गावर ठाण मांडून बसले होते. मालट्रकांच्या रांगा लागल्या होत्या. 'आमच्या वाट्याचं पाणी पंजाब पळवतो' ही सिंधची तक्रार जुनी आहे; 1991 मध्ये प्रांतांत पाणीवाटपाचा करार झाला तरी ती मिटली नाही. जायकवाडीत पाणी सोडायचं म्हटलं की नगर-नाशिक आणि मराठवाड्यात काय होतं ते ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना ही चीड वेगळी समजावून सांगायला नको. 28 एप्रिलला कालव्यांचा प्रकल्प बाजूला ठेवावा लागला.

आता हे दोन धागे जोडून पाहा. भारताला पश्चिमेकडच्या नद्या लगेच अडवता येत नाहीत. बगलिहार, सलाल, किशनगंगा हे वाहत्या पाण्यावरचे वीजप्रकल्प आहेत, त्यात मोठा साठा होत नाही. पण पाणी कधी सोडायचं यात आठ-पंधरा दिवसांचा फरक पडला आणि तो खरिपाच्या पेरणीत पडला, तर खालच्या शेतकऱ्याची धांदल उडते. 3 कोटींच्या देशाने तो फटका सोसला असता. 24 कोटींच्या देशात तो सोसायला जागा राहिलेली नाही, 37 कोटींच्या देशात तर मुळीच राहणार नाही. लोकसंख्या वाढली की तडजोडीची जागा आकसते. उद्या इस्लामाबादेत समंजस सरकार आलं तरी पाण्यावर एक पाऊल मागे घेणं त्याला परवडणार नाही, आणि सिंध-पंजाबची भांडणं झाकायला भारताकडे बोट दाखवणं सगळ्यात सोपं राहील.

माझं मत असं आहे की दहशतवादाबद्दल भारताने कठोरच राहावं, पण पुराचा इशारा आणि पाण्याच्या पातळीची माहिती रोखू नये. 2022 च्या पुरात तिथे सव्वातीन कोटींहून अधिक लोकांना झळ बसली आणि सतराशेहून जास्त माणसं गेली. पुरात मरणारा हारी, म्हणजे सिंधमधला कूळशेतकरी, पहलगामचा गुन्हेगार नाही.

एवढी माणसं वाढली तर ती भारतात लोंढ्याने येतील का?

पाकिस्तानातून तशी शक्यता फार कमी. सीमेवर कुंपण आहे, दिवे आहेत, सीमा सुरक्षा दल आहे, आणि तिथल्या माणसाला इथे यायचंही नसतं. त्याची वाट आखाताकडे जाते. 2024-25 मध्ये परदेशातल्या पाकिस्तान्यांनी 38 अब्ज डॉलर घरी पाठवले; देश बराचसा त्यावर उभा आहे. ज्यांना व्हिसा मिळत नाही ते लिबियाकडून बोटीत बसतात. जून 2023 मध्ये ग्रीसजवळ बुडालेल्या बोटीत शेकडो पाकिस्तानी होते.

लोकसंख्येच्या ओझ्याखाली पाकिस्तान कोसळला तर आपलं काम सोपंच होईल ना?

वर्गात हे वाक्य आलं की टाळ्या पडतात. मी तेव्हा फळ्यावर एकच शब्द लिहितो : अण्वस्त्रं. ज्या देशाकडे दीडशेहून अधिक अण्वस्त्रं असल्याचा अंदाज आहे, तो मोडून पडण्यात शेजाऱ्याचं कसलंही भलं नाही. कुणाच्या हाती काय लागेल, कोण कुणाचा हुकूम मानेल, हे कुणीच सांगू शकणार नाही.

बाकीच्या गोष्टीही कुंपण ओळखत नाहीत. पंजाबच्या जमिनीखालचं पाणी दोन्हीकडे एकच आहे. तिकडे दहा लाखांहून जास्त कूपनलिका ते उपसतात आणि इकडे आपले शेतकरीही. नोव्हेंबर 2024 मध्ये लाहोरच्या हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक हजाराच्या वर गेला, तेव्हा अमृतसर आणि दिल्लीही त्याच धुरक्यात होती. पोलिओचा विषाणू आजही मुक्काम ठोकून आहे तो फक्त पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात.

महाराष्ट्राचा याच्याशी थेट संबंध कुठे येतो?

26/11 सगळ्यांना आठवतं. त्याआधीचा एक धागा म्हणजे कराची. 1936 पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचा भाग होता. कराचीतली सिंधमधली सगळ्यात जुनी सरकारी शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने चालते. फाळणीच्या सुमारास चार-साडेचार लाखांचं असलेलं ते शहर आता दोन कोटींच्या पुढे गेलं आहे.

आणि जो संबंध बातम्यांत क्वचित येतो तो पालघरचा. डहाणू-तलासरीकडची शेकडो माणसं ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. ऑगस्टमध्ये हंगाम सुरू होण्याआधी घरी उचल दिली जाते, ती फेडायला आठ महिने समुद्र. किनाऱ्याजवळ मासळी उरलेली नाही, म्हणून तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, बोट वायव्येला नेतो. पलीकडून कराचीच्या इब्राहिम हैदरीसारख्या दाट वस्त्यांतले मच्छीमारही त्याच मासळीमागे येतात, कारण त्यांच्या खाड्या सांडपाण्याने मेल्या आहेत आणि घरात खाणारी तोंडं वाढली आहेत. कच्छजवळच्या सर क्रीक या खाडीची हद्द अजून ठरलेली नाही आणि पाण्यावर रेघ दिसत नाही. पाकिस्तानची सागरी सुरक्षा यंत्रणा बोट पकडते, आपलं तटरक्षक दल त्यांची पकडतं, आणि आपला खलाशी कराचीच्या मलीर तुरुंगात जातो. त्या दिवसापासून घरचा पैसा थांबतो.

2008 च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी 1 जानेवारी आणि 1 जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. मे 2025 च्या संघर्षानंतरही 1 जुलैची यादी दिली गेली. पाड्यावरच्या बाईला करार, जननदर, अण्वस्त्रं यातलं काही ठाऊक नसतं. ती गावातल्या कुणा शिकलेल्या पोराला मोबाईलवर यादी उघडायला लावते आणि नवऱ्याचं नाव सापडेपर्यंत त्याच्या खांद्याशी उभी राहते.